ते १४ रुपये घेतले होते का, हे आधी ठरव

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. तू २९ वर्षांचा, नोकरी हिंजवडीत, कॉलेजात दोन एकांकिका केलेल्या. मित्राने लिहिलेल्या दोन अंकी नाटकात तुला ६४ वर्षांच्या निवृत्त एसटी कंडक्टरची भूमिका मिळाली आहे. १९८७ साली वाटेत तपासणी झाली, तेव्हा त्याच्या बॅगेत हिशेबापेक्षा १४ रुपये जास्त सापडले, तो तीन महिने निलंबित राहिला आणि घरात त्याने हे कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या अंकात मुलाला ते कागद सापडतात. मुलगा विचारतो, "बाबा, घेतले होते का पैसे?" आणि बाप म्हणतो, "तू जेवलास का?" प्रयोगाला सहा आठवडे आहेत. एक जण म्हणतो, पात्राचं चरित्र लिहून काढ. दुसरा म्हणतो, आधी पाठ कर. तिसरा म्हणतो, त्या प्रसंगात डोळ्यांत पाणी आलंच पाहिजे, त्यासाठी स्वतःचं एखादं दुःख आठव. आणि पैसे खरंच घेतले होते का, हे संहितेत कुठेही नाही. लेखकाला विचारलं तर तो नुसता हसतो.

या शेवटच्या गोष्टीपासून सुरू करते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे.

लेखकाला हसू दे. त्याला ते मोघम ठेवायचा हक्क आहे, प्रेक्षकाला घरी जाताना त्यावर वाद घालायचा हक्क आहे. तुला मात्र तो हक्क नाही, कारण त्या माणसाला स्वतःला माहीत आहे. त्यामुळे तू ठरव, आणि ठरवलंस की कुणालाही सांगू नकोस. दिग्दर्शकालाही नाही, मुलाचं काम करणाऱ्याला तर मुळीच नाही. त्याला कळलं तर तो प्रश्न विचारायचंच थांबवेल, नुसतं वाक्य म्हणेल.

आता बघ, ठरवण्याने काय बदलतं. पैसे घेतले असतील तर "तू जेवलास का?" ही पळवाट आहे. घेतले नसतील तर तो अपमान गिळणं आहे, पोटच्या पोराने विचारलं म्हणून. मला विचारशील तर दोन्ही जरा सोपं आहे. मी असते तर असं धरलं असतं: त्या दिवशीचे १४ रुपये त्याचे स्वतःचेच होते. कंडक्टरला ड्युटीवर चढताना स्वतःच्या खिशातले पैसे नोंदवावे लागतात, ते तो त्या सकाळी विसरला. पण त्याआधी दोन वेळा त्याने तिकीट न देता पैसे घेतले होते आणि तेव्हा कुणी पकडलं नव्हतं. म्हणजे ज्या गुन्ह्याची शिक्षा झाली तो त्याने केला नाही, आणि जो केला त्याची झाली नाही. अशा माणसाला छातीठोक "नाही" म्हणता येत नाही, "हो"ही म्हणता येत नाही. मग तो जेवणाचं विचारतो. हे माझं. तुझं तू शोध. तुला पटेल, तुला टोचेल असं.

मी हे एवढ्या तपशिलात सांगतेय, त्याला कारण आहे. मी २६ वर्षं बँकेत काढली, त्यातली पहिली नऊ कॅश काउंटरवर. संध्याकाळी कॅश कमी आली तर खिशातून भरायची. जास्त आली तर ती सस्पेन्स खात्यात, म्हणजे हिशेब न लागलेल्या पैशांच्या खात्यात, जमा करायची, आणि ते कमी येण्यापेक्षा वाईट असतं. कमी आली तर लोक तुम्हाला वेंधळे म्हणतात, जास्त आली तर कुणी काहीच म्हणत नाही, नुसतं बघतात. अशा वेळी मी काय करायचे? रडायचे नाही. तीनदा मोजलेली गड्डी चौथ्यांदा मोजायचे. सावकाश, मान खाली घालून, अंगठा ओल्या स्पंजवर टेकवत. कान तापलेले असायचे, पण हात एकदम व्यवस्थित.

म्हणून सांगते, तिसऱ्या मित्राचा सल्ला बाजूला ठेव. तो सल्ला रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीच्या नावावर खपतो. त्याने एके काळी भावनेच्या स्मृतीवर काम केलं हे खरं; पण पुढे त्याचा भर पात्राच्या परिस्थितीवर आणि पात्र प्रत्यक्ष काय करतं यावर गेला. अमेरिकन नटी स्टेला अॅडलर १९३४ मध्ये त्याला पॅरिसला भेटली आणि परत जाऊन तिच्या मंडळींना तिने हेच सांगितलं. न्यूयॉर्कमध्ये त्यावरून जे वाजलं ते वाजलं. आपल्याकडे मात्र अजून कुणीतरी विंगेत भिंतीकडे तोंड करून आपली वारलेली आजी आठवत उभा असतो आणि त्याची एंट्री चुकते. आजी पहिल्या प्रयोगाला येते, पाचव्याला येत नाही. स्वतःच्या आयुष्यातून घ्यायचंच तर दुःख घेऊ नकोस, त्या दुःखात तुझे हात काय करत होते ते घे. हात रोज येतात.

आणि रडण्याचं म्हणशील तर त्या प्रसंगात बापाला रडायचं नाहीये. पोराला कळू द्यायचं नाहीये. पोराने विषय सोडावा, ताटावर बसावं, कालच्यासारखं व्हावं, एवढंच त्याला हवं आहे. तू ते मिळवायला जा. पाणी आलंच तर ते परतवायचा प्रयत्न कर. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी त्या परतवण्याने येतं.

चरित्र लिहिण्याबद्दल. मी त्या पंथातली होते. १९९६ साली एका स्पर्धेत मास्तरांच्या विधवेचं काम केलं. दोनशेपानी वही आणली, सत्तर पानं भरली. तिचं माहेर, तिची पहिली मंगळागौर, तिला कुठली भाजी आवडत नाही, सगळं. प्रयोगात समोरच्या नटाचा धक्का लागून तांब्या कलंडला आणि स्टेजभर पाणी झालं. मी त्या पाण्यावरून चालत जाऊन माझं वाक्य म्हटलं. चांगलं म्हटलं. नंतर दिग्दर्शक फक्त एवढंच म्हणाले, "त्या बाईने पाणी पुसलं असतं." चाळीस वर्षं घर पुसणारी बाई! सत्तर पानांत ते नव्हतं, कारण मी तिच्याबद्दल लिहिलं होतं, तिचं एकही काम केलं नव्हतं. त्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर पुढे मी दुधाचा हिशेब लिहिला.

तर वही करायचीच असेल तर अशी कर. संहिता घे, आणि ‘तो स्वतःबद्दल काय म्हणतो’, ‘इतर त्याच्याबद्दल काय म्हणतात’ आणि ‘तो प्रत्यक्ष काय करतो’ हे वेगवेगळं उतरव. या तीन गोष्टी जिथे जुळत नाहीत तिथे खूण कर. उदाहरणार्थ, तुझा कंडक्टर म्हणतो "मला पैशाचं काही नाही", बायको म्हणते "यांच्या हातातून रुपया सुटत नाही", आणि पहिल्या अंकात तो दूधवाल्याला दोन रुपये जास्त देतो. असं असेल तर ते दोन रुपये सोन्याचे आहेत. त्यापुढे प्रत्येक एंट्रीला एकच ओळ लिही: मी कुठून आलो आणि कशासाठी आलो. ‘विंगेतून’ हे उत्तर नव्हे. मंडईतून आला असेल तर पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात कितव्यांदा गेली आहे, हे तुला माहीत हवं.

पिशवीत खरं वजन घाल, हे ओघात आलं म्हणून सांगते. रिकामी सुटकेस उचलणारे आणि रिकाम्या कपातून चहा पिणारे नट मी इतके पाहिलेत की मला आता कपाचाच राग येतो. पाणी घाला, पण काहीतरी घाला.

पाठांतराबद्दल दुसऱ्या मित्राचं बरोबर आहे, फक्त ‘कसं’ हे त्याने सांगितलं नाही. सपाट पाठ कर. भाव घालून, सूर लावून, आरशासमोर पाठ केलेलं वाक्य त्याच सुरात गोठतं; मग दिग्दर्शकाने कितीही सांगितलं तरी ते हलत नाही. भाजी चिरताना, गाडी पुसताना, जिना चढताना वाक्यं नुसती भरभर म्हण, बाजारातल्या यादीसारखी. दुसरं असं, की समोरच्याच्या वाक्याचा फक्त शेवटचा शब्द क्यू म्हणून पाठ करू नकोस. तो शब्द येईपर्यंत तू वाट बघत उभा राहतोस आणि ते शेवटच्या रांगेलाही दिसतं. समोरचा बोलताना तुला उत्तर द्यावंसं नेमकं कुठल्या शब्दाला वाटलं, तो शोध. बहुतेक वेळा तो वाक्याच्या मध्यावर असतो, आणि उरलेलं अर्धं वाक्य तू तोंड दाबून ऐकतोस. अभिनय त्या अर्ध्या वाक्यात होतो. दुसरा आठवडा संपेपर्यंत संहिता हातातून सुटली पाहिजे. हातात वही असलेला नट ऐकत नाही.

आता या उत्तरातला माझा आवडता भाग. कंडक्टर शोध. स्वारगेटला जा, सुटीच्या दिवशी सासवड-जेजुरीच्या एसटीत बस, आणि खिडकी सोडून मधल्या सीटवर बस. चालत्या गाडीत दोन्ही हात मोकळे ठेवून माणूस उभा कसा राहतो ते बघ. तो दांडा धरत नाही. कंबर नाहीतर मांडी सीटच्या कडेला टेकवतो, पाय फाकवतो, आणि गाडी वळायच्या आधी त्याचं अंग वळतं, कारण रस्ता त्याला पाठ असतो. पस्तीस वर्षं असं उभं राहिलेला माणूस घरातल्या स्वयंपाकघराच्या दाराशी कसा उभा राहील? चौकटीला कंबर टेकवून. बसायला खुर्ची असली तरी. हे एवढं मिळालं तरी तुझं निम्मं बेअरिंग, म्हणजे पात्राची ढब, मिळालं.

पुढे एखाद्या निवृत्त कंडक्टरकाकांना गाठ. तुझ्या ऑफिसातल्या कुणाचे तरी वडील, काका असतीलच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली तेव्हापासून या जिल्ह्यात एसटीत कुणी नाही असं कुटुंब विरळा. त्यांना ‘तुम्हाला कसं वाटायचं’ असं विचारू नकोस. कुणालाही तसं विचारलं की माणूस भाषण देतो. विचार, पंच, म्हणजे तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, कुठल्या हातात धरायचा? गर्दीत तो दांड्यावर टकटक कसा वाजवायचा? सुट्टे नसले की तिकिटामागे काय लिहायचं? वेबिल, म्हणजे फेरीच्या हिशेबाचा कागद, कुठे बसून भरायचं? तुझ्या माणसाची नोकरी तिकिटांच्या पेटीत आणि पंचमध्ये गेली, तिकिटाचं मशीन त्याच्या हातात शेवटी शेवटी आलं. ते आल्यावर हाताला चुकल्याचुकल्यासारखं झालं का, हेही विचार. मला खात्री आहे, त्यांचा अंगठा बोलता बोलता हलेल. तो बघ. तोंडापेक्षा तोच खरं सांगतो.

यातून तुला एखादी कृती मिळेल. मला सुचते ती अशी: तुझा कंडक्टर बाहेरून घरी आला की खिशातली नाणी टेबलावर काढून मोजतो. पहिल्या अंकात प्रेक्षकाला ती म्हातारपणची सवय वाटते, थोडं हसूही येतं. दुसऱ्या अंकात ते १४ रुपये कळल्यावर तीच नाणी तो पुन्हा मोजतो आणि कुणीच हसत नाही. पण हे दिग्दर्शकाला तालमीत करून दाखव, चहा पिताना सांगू नकोस. सांगितलेली कल्पना दिग्दर्शक नाकारतात, केलेली ठेवून घेतात.

वय. तू लिहिलंयस, "म्हातारा कसा चालतो याचा सराव करतोय." थांबव. ६४ म्हणजे काही ९० नव्हे. वाकलेली पाठ, थरथरता हात, घोगरा आवाज हे सगळं गॅदरिंगमधलं म्हातारपण. म्हातारा माणूस म्हातारपण दाखवत नाही, लपवतो. सकाळी पर्वतीला जा आणि पायऱ्यांच्या मध्यावर बस. दमलेले आजोबा "दमलो" म्हणत नाहीत. थांबतात, मागे वळून शहराकडे बघतात, जणू वर येताना तेच बघायचं ठरलं होतं. कुणी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतो. श्वास परत आला की निघतात. खुर्चीतून उठताना बघ: तरुण माणूस उठतो, साठीचा माणूस उठायची तयारी करतो. पावलं आत घेतो, हात मांडीवर ठेवतो, एक क्षण जातो, मग उठतो. तो एक क्षण सांभाळलास की पांढरा रंग केसांना कमी लावला तरी चालेल. ‘नटसम्राट’ १९७० मध्ये आलं तेव्हा त्यातल्या म्हाताऱ्या नटाचं काम करणारे डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते. १९७२ मध्ये आपल्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं तेव्हा नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे पंचविशीत. तेव्हा २९ हे वय आड येत नाही, सबब म्हणून ते वापरू नकोस.

भाषेचं जरा नाजूक आहे. तुझा कंडक्टर पुरंदर तालुक्यातला. आपल्याकडे सदाशिव पेठेत तयार झालेली एक ‘ग्रामीण’ भाषा आहे, जी कुठल्याच गावात बोलत नाहीत. सगळ्या ‘ण’चा ‘न’ केला, ‘नाही’चं ‘न्हाय’ केलं की झालं गाव. हे करू नकोस. प्रेक्षकांत सासवडचा एक माणूस असतोच, आणि तो पुढच्या दोन तासांत तुझं काही ऐकत नाही. शिवाय पस्तीस वर्षं रोज शेकडो माणसांशी बोललेल्या कंडक्टरच्या दोन भाषा असतात. एक गाडीतली, "पुढे सरका, मागे जागा आहे" अशी, ठणठणीत, सरकारी. दुसरी घरातली. तो कुठल्या वाक्याला कुठली वापरतो हे ठरव. मला वाटतं, मुलाने कागद दाखवल्यावर आधी तो गाडीतल्या भाषेत जाईल, साहेबासमोर उभं राहिल्यासारखा. आणि "तू जेवलास का?" हे घरातल्या भाषेत येईल. तिथे "जेवला का तू?" जास्त बरोबर बसतं का, हे लेखकाला विचार. विचारल्याशिवाय एक अक्षर बदलू नकोस. नटाच्या तोंडी ‘सहज’ बदललेली वाक्यं बहुधा नटाची होतात, पात्राची राहत नाहीत.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही, ते लिहून येत नाही. एवढंच बघ, की प्रयोग कुठे आहे. सुदर्शन रंगमंचाच्या छोट्या जागेत प्रेक्षक इतका जवळ असतो की गिळलेला आवंढा दिसतो. भरत नाट्य मंदिरात तोच आवंढा बाल्कनीपर्यंत न्यायचा तर आधीचं वाक्य नीट संपवावं लागतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि आपले नट शेवटालाच श्वास सोडतात. मग "मी पैसे..." एवढंच मागे पोचतं, आणि घेतले की नाही घेतले हे नटाच्या पोटात राहतं. तुझ्या नाटकात तर कमालच होईल!

नाट्यशास्त्राने अभिनय चार प्रकारचा सांगितला: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. वेशभूषेचं, म्हणजे आहार्याचं, आपण रंगीत तालमीपर्यंत काही बघत नाही. निदान चपला पहिल्या आठवड्यापासून आण. स्पोर्ट्स शूज घालून बसवलेला म्हातारा प्रयोगाच्या दिवशी कोल्हापुरीत चालेनासा होतो. तालमीची खोली रंगमंचापेक्षा लहान असेल तर जमिनीवर खडूने खऱ्या मापाचं नेपथ्य आखून घ्या, नाहीतर प्रयोगाला दारापर्यंत पोचायला तुला दोन पावलं कमी पडतील आणि त्या दोन पावलांत वाक्य संपून जाईल.

सहा आठवडे कसे वाटायचे हे तुझ्या दिग्दर्शकाच्या हातात आहे, त्यात मी पडत नाही. फक्त शेवटच्या आठवड्यात नवीन काही शोधू नकोस. मुलाचं काम करणाऱ्याबरोबर रोज एकदा तो प्रसंग बसून, हळू आवाजात, एकमेकांकडे बघत म्हणा. त्याने एखाद्या दिवशी प्रश्न वेगळा विचारला, चिडून किंवा अगदी मऊ, तर तुझं "तू जेवलास का?" कालच्यासारखं येता कामा नये. आलं तर तू ऐकलं नाहीस.

आणि त्या कंडक्टरकाकांना प्रयोगाचा पास देण्याआधी तालमीला बोलव. पंच तू चुकीच्या हातात धरला असशील तर ते तिथल्या तिथे उठून येतील, तुझा हात धरून दाखवतील. दाखवून झाल्यावर ते कुठे उभे राहतात तेवढं बघून ठेव.